गाडी मुकी की भैय्याजी बहिरे

नरहर पिंपळखुटे आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि मी संस्कृत. वर्ध्याला आमची बिऱ्हाडं एकाच भिंतीच्या अल्याडपल्याड होती. त्यामुळे त्यांच्या घरात आज काय मोजलं जातंय, ते मला भिंतीतून कळायचं. मोजल्याशिवाय या माणसाला चैनच पडत नसे. थर्मामीटर बुडवून बघितल्याखेरीज आंघोळीचा पहिला तांब्या अंगावर घेत नसत. पोळी तव्यावर किती उंच फुगते ते बघायला एकदा फूटपट्टी घेऊन चुलीशी बसले, तेव्हा त्यांच्या पत्नीने, म्हणजे शरयूवहिनींनी, ती फूटपट्टीच चुलीत सारली. मास्तर रागावले नाहीत. लाकूड कोणत्या टोकाकडून पेटलं ते मात्र त्यांनी वाकून बघितलं.

माणूस किडकिडीत, कोटाचे खिसे फुगलेले आणि बोलणं अगदी तोलून. ‘बरंच’, ‘थोडंसं’, ‘जवळपास’ हे शब्द त्यांच्या वर्गात कुणी उच्चारले तर ते खडू खाली ठेवत. “किती?” एवढंच विचारत. पोरं त्यांना मागून ‘कितीमास्तर’ म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं. त्यांना ते नाव आवडायचंसुद्धा.

वर्धा तेव्हा अजून जुन्या मध्यप्रदेशात होतं. थंडीचे दिवस, कापसाचा हंगाम जोरात. एका रविवारी सकाळी आमच्या बोळाच्या तोंडाशी बाटलीसारख्या हिरव्या रंगाची एक लांबलचक मोटार येऊन थांबली. बोळात ती मावेना. तिच्यातून उतरले भैय्याजी कामडी. सिंदीला त्यांची शेती होती, कापसातली सरकी काढायचं जीन होतं आणि अंगानं माणूसही ऐसपैस होता. डोक्याला मफलर गुंडाळलेला, दोन्ही कानांत कापसाचे बोळे.

“मास्तर,” ते ओट्यावर टेकत म्हणाले, “तुम्ही मोजता म्हणते ना काहीबी?”

“मोजता येण्यासारखं असेल तर.”

“काय म्हणता?”

मास्तरांनी त्यांच्या कानांकडे बोट केलं. भैय्याजींनी बोळे काढले. लसणाच्या तेलाचा वास सगळ्या ओट्यावर पसरला.

“मंग मले एवढं मोजून द्या,” भैय्याजी म्हणाले, “का गाडी मुकी झाली, का मी बहिरा झालो.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. गाडी विलायती. रेडिओ कंपनीतूनच बसवून आलेला. सिंदीला त्यांच्या घरी वीज नव्हती. जीनही इंजिनावर चालायचं. तेव्हा घरात रेडिओ असा नव्हताच, तो गाडीत होता. संध्याकाळी जीन बंद झालं की भैय्याजी अंगणातल्या गाडीत जाऊन बसत, काचा वर करत, पाय सीटवर घेत आणि नागपूर केंद्र लावत. बाजारभाव, बातम्या, गाणं, शेतकऱ्यांच्या गप्पा, जे लागेल ते. आधी आवाज कसा खणखणीत होता! दिवाळी झाली आणि एक दिवस तो एकदम बसला. बटण पुरतं फिरवलं तरी आतला माणूस घोंगडी पांघरून बोलतो आहे असं वाटे.

“मिस्त्रीले दाखवलं. त्यानं बॅटरी पाह्यली, तारा पाह्यल्या. म्हणे, समदं ठीक हाये, तुमचे कानच पाह्यजा. मंग बायको रोज लसणाचं तेल टाकून राह्यली. त्यानंही काई फरक नाई. माहा बाप म्हातारपणी बहिरा झाला होता, मास्तर. पन मी काई म्हातारा हाओ का?”

मास्तर उठून आत गेले आणि शाळेतून दुरुस्तीसाठी घरी आणलेला नादकाटा घेऊन बाहेर आले. हा दोन टोकांचा लोखंडी चिमटा. रबरावर आपटला की एकाच सुरात गुणगुणत राहतो आणि हळूहळू विझतो.

“शास्त्री, तुम्हीही बसा,” ते मला म्हणाले. “तुलनेला एक निरोगी माणूस पाहिजे.”

आम्ही दोघं त्यांच्याकडे पाठ करून बसलो. ऐकू येतंय तोवर हात वर ठेवायचा. काटा वाजला. आम्ही हात वर केले. मी अगदी कान टवकारून बसलो होतो. गुणगुण बारीक झाली, अजून बारीक झाली, थांबली. मी हात खाली घेतला आणि शेजारी बघितलं. भैय्याजींचा हात झेंड्यासारखा ताठ वर. पुन्हा वाजवला. तेच. तिसऱ्यांदाही तेच.

“भैय्याजी, तुमचे कान उत्तम आहेत,” मास्तर म्हणाले. “शास्त्री, तुमचे मात्र एकदा तपासायला हवेत.”

आतून शरयूवहिनींचं हसू ऐकू आलं. तेवढं मला व्यवस्थित ऐकू आलं. भैय्याजी उठून उभे राहिले, मफलर काढून खांद्यावर टाकला आणि छाती फुगवून म्हणाले, “मंग गाडीच मुकी!”

“तसं अजून म्हणता येत नाही. तुमचे कान बरे आहेत, एवढंच सिद्ध झालं. गाडी मोजावी लागेल.”

पुढच्या रविवारी गाडी आम्हाला न्यायला आली. स्टेशनजवळच्या हरिदास रेडिओवाल्याकडून मास्तरांनी काट्याचा मीटर आणि एक सुटा स्पीकर मागून आणला होता. तो स्पीकर मांडीवर बाळासारखा घेऊन ते मागे बसले. शेजारी शरयूवहिनी. रुख्माबाईंनी, म्हणजे भैय्याजींच्या पत्नीने, त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. मी पुढे बसलो. वाटेत कापसाच्या बंड्यांची रांगच रांग होती आणि बैलांना चुकवत भैय्याजी मधूनमधून रेडिओला थापट मारत होते. आतून कुणी बाई गात होत्या. काय गात होत्या ते परमेश्वराला ठाऊक.

सिंदीला पोचल्याबरोबर रुख्माबाई वहिनींना हाताला धरून आत घेऊन गेल्या. ठसठशीत बांध्याची, चटपटीत बाई. लाल खणाची चोळी, कपाळावर मोठं कुंकू. आम्ही अंगणात गाडीभोवती जमलो.

मास्तरांची अडचण अशी, की गाणं चालू असलं की मीटरचा काटा गाण्याबरोबर नाचतो. त्यांना स्थिर आवाज हवा होता. दुपारचं प्रक्षेपण सुरू व्हायच्या आधी कधीकधी एकच लांब शिटी येई. तिची वाट बघत ते स्टिअरिंगखाली मान घालून, पाय दाराबाहेर काढून पडून राहिले. भैय्याजी गाडीभोवती घिरट्या घालत होते.

“हे काय मोजून राह्यले हो, शास्त्रीजी?”

“रेडिओ स्पीकरला किती वीज देतो ते,” मी जेवढं समजलं होतं तेवढं सांगितलं. “वीज कमी असली तर दोष रेडिओचा. वीज पुरेशी असली तर दोष स्पीकरचा.”

“अन् वीजबी बराबर असंन, अन् स्पीकरबी बराबर असंन तं?”

तेवढ्यात शिटी आली, मास्तरांनी तारा टेकवल्या आणि मीटरचा काटा टुणकन उजवीकडे गेला.

“वीज पूर्ण आहे!” स्टिअरिंगखालून आवाज आला.

मग त्यांनी गाडीच्या स्पीकरच्या तारा सोडल्या आणि सीटवर ठेवलेल्या सुट्या स्पीकरला जोडल्या. मी आयुष्यात तसा दचकलो नाही. शिटी संपून सनई सुरू झाली होती, ती अंगणभर उसळली. छपरावरची कबुतरं उडाली. गोठ्यातल्या म्हशीने दावं ताणलं. आत स्वयंपाकघरात काहीतरी भांडं पडलं. भैय्याजींनी दोन्ही हात वर केले.

“बोलली! माही गाडी बोलली!”

“आवाज गळ्यापर्यंत येतो आहे,” मास्तर म्हणाले, “ओठांतून बाहेर पडत नाही. आता ओठ बघू.”

गाडीच्या आत, समोरच्या काचेखालच्या पत्र्यात मधोमध चकचकीत जाळी होती आणि तिच्यामागे कंपनीचा स्पीकर. जाळी बारीक पेचांनी बसवलेली. मास्तर पेच काढायला लागले आणि भैय्याजी, एवढा वेळ काही न करता उभं राहिल्यामुळे, बॉनेट उघडून बॅटरीवर फुंकर घालायला गेले. ते बॉनेट वर उघडलेलं होतं म्हणून पुढचं सगळं निभावलं. त्यामागून त्यांना काही दिसत नव्हतं.

जाळी निघाली. तिच्यामागे स्पीकर दिसायच्या ऐवजी एक छोटीशी गादी दिसली. अगदी गादीच. गोल कापलेली, सरकी काढलेल्या स्वच्छ कापसाने भरलेली, मधून टाचे घातलेली, कडेला सुरेख बारीक टीप. मास्तरांनी ती बाहेर काढून उन्हात धरली. कापड लाल खणाचं होतं.

मी वर बघितलं. रुख्माबाई चहाचं तबक घेऊन दारात उभ्या होत्या आणि जागच्या जागी थिजल्या होत्या. चोळीचं कापड आणि गादीचं कापड एकाच ठाणातलं होतं, हे संस्कृतच्या मास्तरालाही कळत होतं. त्यांच्या मागून शरयूवहिनी जवळजवळ पळतच आल्या.

“अहो, ते फडकं द्या इकडे. हात भरलेत माझे.”

“हे फडकं नाही. हे बघ, याला टाचे—”

“द्या म्हणते ना!”

आणि गादी त्यांच्या पदराआड गेलीसुद्धा. धाडकन बॉनेट मिटलं. भैय्याजी हात झटकत आले.

“काय सापडलं, मास्तर?”

मास्तरांनी एकदा बायकोकडे बघितलं, एकदा दाराकडे.

“कापूस,” ते म्हणाले.

“जीनचा कापूस! हवेत उडतेच ना तो. किती निघाला?”

विचारायला नको तो प्रश्न त्यांनी नको त्या माणसाला विचारला होता. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

“मोजला नाही,” ते म्हणाले.

मी त्यांना कित्येक वर्षं ओळखत होतो. हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी त्याआधी कधी ऐकले नव्हते. भैय्याजींनी मात्र ते ऐकलेही नसावेत. त्यांनी गाडीच्या स्पीकरला तारा परत जोडून, जाळी न लावताच रेडिओ सुरू केला होता आणि काचा खाली करून सगळ्या आळीला ऐकवत होते.

वर्ध्याला परतल्यावर मास्तर जेवेनात. मी त्यांच्याकडे डोकावलो तर पाटावर बसून होते.

“मी खोटं बोललो,” मला बघून म्हणाले.

“खोटं कुठं?” शरयूवहिनी ताट वाढत म्हणाल्या. “मोजला होतात का तुम्ही?”

“नाही.”

“मग झालं तर. जेवा.”

मास्तरांनी यावर थोडा विचार केला आणि वरणभात कालवला. मग वहिनींनी रुख्माबाईंची बाजू सांगितली. दिवसभर त्या बाई घरात एकट्या. मुलगी सासरी, नवरा जीनवर. संध्याकाळी तो घरी येतो म्हणावा तर अंगणात गाडीत जाऊन बसतो. त्या भाकरी टाकतात, हाक मारतात, भाकरी गार होते, पुन्हा हाक मारतात. आत काचा बंद, नवऱ्याला काही ऐकू येत नाही. शेवटी दिवाळीनंतर एका दुपारी त्यांनी शिलाई मशीनचा छोटा पेचकस घेतला आणि गाडीचंच तोंड बंद केलं. चार दिवसांत कंटाळून आत येतील असं त्यांना वाटलं होतं. हा माणूस कान धरून बसेल, हे कुठं माहीत होतं!

“तेल टाकताना रडू येतं म्हणाल्या,” वहिनी म्हणाल्या. “पण सांगायची हिंमत होईना. आणि तुम्ही जाऊन आवाज वाढवून आलात. आता त्यांचा नवरा जेवायला यायचा नाही म्हणजे नाहीच.”

मास्तरांचा घास हातात राहिला. एक गोष्ट नीट मोजून, नीट दुरुस्त करूनही बिघडू शकते, हे त्यांना नवीन होतं. ते तसेच उठले, हात धुतले आणि पाटीवर काहीतरी आकृती काढायला बसले. भिंतीपलीकडून बराच वेळ पाटीपेन्सिलीचा किरकिर आवाज येत होता.

पुढच्या खेपेला ते भैय्याजींना म्हणाले, “तुमच्या गाडीतला आवाज मोठा आहे, पण चांगला नाही.”

“काऊन? लय चांगला हाये की.”

“पत्रा झणझणतो. स्पीकर वीतभर. तबल्याचा डग्गा ऐकू येतो का तुम्हाला? फक्त टिकटिक येते. डग्गा ऐकायचा तर मोठा स्पीकर हवा आणि तो लाकडी पेटीत हवा. एवढी पेटी गाडीत मावत नाही.”

“मंग?”

“घरात ठेवायची. रेडिओ गाडीतच राहील, तार खिडकीतून आत.”

यातला शब्द न् शब्द खरा होता. मास्तरांनी मला नंतर तो दोनदा तपासून दाखवला. भैय्याजींना डग्गा हवा झाला. जीनमधल्या सुताराने सागवानी पेटी करून दिली, हरिदासने मोठा स्पीकर बसवला, अंगणातल्या गाडीपासून खिडकीतून थेट चुलीशेजारच्या फळीपर्यंत तार ओढली. सगळे जमलो. मास्तर गाडीत जाऊन बटण फिरवून आत आले.

बातम्या देणारा माणूस रांजणात बसून बोलतोय असा आवाज आला.

“डग्गा आला, पन माणूस गेला,” भैय्याजी म्हणाले.

“पेटी आतून घुमते आहे. आत काहीतरी मऊ भरावं लागेल.” मास्तर बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

“मऊ म्हंजे?” भैय्याजींनी विचारलं.

“म्हणजे... कापूस.”

“कापूस! अवो मास्तर, कापसानंच तं आवाज बसला होता ना?”

“स्पीकरच्या पुढं घातला तर आवाज बसतो,” मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले. “मागं घातला तर सुधारतो.”

चुलीपुढे बसलेल्या रुख्माबाईंना हसू फुटलं. आधी त्यांनी पदर तोंडाला लावला, मग तो पुरेना. वहिनीही त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून हसायला लागल्या. भैय्याजी एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले. “काय झालं? काऊन हासून राह्यल्या?” कुणी सांगेना. रुख्माबाई उठल्या, आतून टोपलीभर कापूस घेऊन आल्या आणि पेटीच्या मागल्या फळीतून स्वतःच्या हातांनी भरायला लागल्या. मास्तर मूठमूठ सांगत होते, थांबवत होते, ऐकत होते, पुन्हा “अजून एक मूठ” म्हणत होते. मग ते एकदम हात वर करून म्हणाले, “बस!” आणि रांजणातला माणूस रांजणाबाहेर येऊन आमच्यामध्ये मांडी घालून बसला. इतका स्वच्छ.

त्या संध्याकाळी भैय्याजी चुलीशेजारी पाट घेऊन बसले ते उठेचनात. गरम भाकर, वांग्याची भाजी, डग्गा आणि शेतकऱ्यांच्या गप्पा. रुख्माबाईंना भजनं हवी होती, त्यांना बाजारभाव. भजनांसाठी केंद्र बदलायचं तर भैय्याजींनाच अंगणात गाडीपर्यंत पळावं लागे आणि ते पळत होते. शेजारपाजारचे लोक ओसरीवर येऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हूं का चूं करेना. रेडिओने बॅटरी पिऊन टाकली होती. आदल्या संध्याकाळी जे ऐकायला बसले होते तेच सगळे गाडी ढकलायला आले. भैय्याजी स्टिअरिंगवर बसून ओरडत होते, “कंपनीनंच फसवलं! रेडिओतबी खोट, बॅटरीतबी खोट!” गाडी सुरू झाली, तरी त्यांचं तोंड सुरूच. तेव्हा रुख्माबाईंनी त्यांना आत बोलावलं आणि गादीची हकीकत सांगून टाकली. हे पुढं त्यांनीच वहिनींना सांगितलं. भैय्याजींनी म्हणे आधी दोन्ही कान चाचपले. मग म्हणाले, “म्हंजे माहे कान बरे होते, तुले ठाऊक होतं, अन् तरी रोज तेल टाकत होती?”

“कानाले तेल चांगलंच असते,” रुख्माबाई म्हणाल्या.

भैय्याजी चिडले की हसले, ते रुख्माबाईंनी वहिनींना सांगितलं नाही. पण त्या आठवड्यात जीनवर भैय्याजींनी सगळ्यांना ही गोष्ट स्वतःच सांगितली आणि दर वेळी गादी थोडी मोठी होत गेली. मास्तरांपाशी ती पोचली तेव्हा तिची उशी झाली होती.

थंडी सरता सरता भैय्याजींनी आम्हाला गिरडला नेलं. टेकडीवरच्या शेख फरीदबाबांच्या दर्ग्याला रुख्माबाईंचा नवस होता. कशासाठी, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. गाडीचा स्पीकर पुन्हा जोडला होता. रुख्माबाई पुढे बसल्या आणि रेडिओच्या बटणाला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. दर्शन झालं, झाडाखाली शिदोऱ्या सोडल्या. परतताना टेकडी उतरून जरा पुढे आलो तर मास्तर म्हणाले, “जरा थांबवा, मला काहीतरी बघायचं आहे.” ते उतरले. रुख्माबाईंनी रेडिओ लावला. भजन रंगात आलं होतं, रुख्माबाई आणि वहिनी सुरात सूर मिळवत होत्या, मी ताल धरला होता आणि भैय्याजींनी, कोण जाणे कसं, गाडी सोडली.

समुद्रपूरच्या वाटेवर एक गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. तेव्हा वहिनी एकदम म्हणाल्या, “अगबाई, हे कुठं आहेत?”

गाडी वळवली. उन्हात रस्त्याकडेच्या दगडावर मास्तर बसले होते, शेजारी एक गुराखी आणि त्याच्या शेळ्या. वहिनी खाली उतरून बोलायला लागणार, तेवढ्यात मास्तरच उठले. चेहरा खुलला होता.

“वळणापलीकडे गेलात तरी ऐकू येत होतं,” ते म्हणाले. “शब्दसुद्धा कळत होते. यांना विचारा हवं तर.”

गुराख्याने मान डोलावली. “तुमी समदे चांगलं गाता,” तो म्हणाला. “एक जण सोडून.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी शेळ्यांकडे बघितलं. भैय्याजींनी दार उघडलं, मास्तर आत येऊन बसले आणि गाडी निघाली.